कायदा आणि आपण : मद्यपान केल्यावर घरी कसे परतावे?

मद्यपान करून वाहन चालवण्याच्या कायद्याविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांमागे एकच अपेक्षा दिसते, ती अशी की थोडे घेऊनही आपली गाडी आपणच चालवत घरी येण्याची एखादी सुरक्षित आणि कायदेशीर पद्धत असेल, तर ती सांगावी. अशी पद्धत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी कसे जायचे हे पहिला घोट घेण्याआधी ठरवावे लागते, कारण नंतर ते ठरवणारे डोके आणि गाडी चालवणारे हात या दोहोंवर मद्याचा अंमल झालेला असतो. निवडक पत्रांना खाली सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वजन ७० किलो आहे. महिन्यातून एकदोनदा मित्रांबरोबर एखादा मोठा पेग, फार तर दोन घेतो आणि मोटारीने घरी येतो. मला कधीच चढत नाही. कायद्याला नेमके किती प्रमाण चालते?
— एक वाचक, नाशिक

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर तो गुन्हा होतो. मोटार असो, मोटारसायकल असो वा स्कूटर, मर्यादा एकच आहे. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, हे पाहिले म्हणजे आपला कायदा किती कडक आहे याची कल्पना येईल.

आता आपल्या पेगचा हिशेब करू. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडीत साधारणपणे ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमधून सुमारे २० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात तो पसरला की रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरला ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. आपण ज्याला ‘एखादा पेग’ म्हणता, तोच आपल्याला मर्यादेच्या पलीकडे नेऊ शकतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हाच आकडा ६० च्या वर जातो. बिअर म्हणजे दारूच नव्हे, असे मानणाऱ्यांनी ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली डोळ्यांसमोर आणावी. त्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगांइतका.

हे आकडे अंदाजी आहेत आणि ते तसेच राहणार. जेवण झाले आहे की नाही, किती वेळात प्यायले, वय आणि प्रकृती कशी आहे, यांनुसार ते बदलतात. शिवाय मद्यार्क रक्तात पूर्ण मिसळायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. त्यामुळे मैफलीतून उठताना ज्याला आपण ठीक आहोत असे वाटते, त्याच्या रक्तातील प्रमाण वाटेत असताना वाढतच असते. ‘कधीच चढत नाही’ यावर विसंबू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. सवयीने फक्त चढल्याची जाणीव कमी होते, रक्तातील मद्यार्क कमी होत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या आठ मीटरांत रस्ता ओलांडणारे माणूस असू शकते.

प्रश्न : नाकाबंदीत पोलिसांनी यंत्रात फुंकायला सांगितले तर नकार देता येतो का? आणि पावती फाडून प्रकरण तिथेच मिटते का?
— एक वाचक, पुणे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याविषयी फार गैरसमज आहे. सिग्नल तोडणे किंवा हेल्मेट न घालणे यांसारख्या गुन्ह्यांत जागेवर किंवा ई-चलानाने तडजोड शुल्क भरून मोकळे होता येते. कायद्याच्या कलम २०० मध्ये अशा तडजोडयोग्य गुन्ह्यांची यादी आहे आणि तीत कलम १८५ नाही. म्हणून मद्यपान करून गाडी चालवल्याचे प्रकरण न्यायालयातच जाते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. त्याआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये होता, आणि अनेकांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट परवान्याची आहे. पोलीस परवाना ताब्यात घेऊन तो निलंबनाच्या किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत आरटीओकडे, पाठवतात. या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याचा परवाना न्यायालयाने रद्द करावा असे कलम २२ सांगते. ज्याची रोजीरोटी स्टिअरिंगवर चालते, त्याच्या घराचा आधारच यात जाऊ शकतो.

आता नकाराविषयी. चालकाने हा गुन्हा केला असावा असा वाजवी संशय असेल तर कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी त्याच्याकडे श्वासाचा नमुना मागू शकतो. नमुना द्यायचे टाळले आणि अधिकाऱ्याला रक्तात मद्यार्क असल्याचा संशय घ्यायला कारण असेल, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. त्यानंतर नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेतला जाऊ शकतो. पुढे खटल्यात, सबळ कारण दाखवता आले नाही तर, कलम २०५ नुसार आपला नकारच आपल्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानला जाऊ शकतो. नकार देऊन सुटका होत नाही, उलट अडचण वाढते.

मात्र चालकाला हक्क आहेत आणि ते माहीत असावेत. कलम १८५ च्या गुन्ह्यासाठी अटक झालेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर त्या व्यक्तीला कोठडीतून सोडले पाहिजे, असे कलम २०२ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. स्त्रीच्या रक्ताचा नमुना स्त्री डॉक्टरनेच किंवा एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीत घ्यावा लागतो. यंत्रावरचा आकडा स्वतः पाहावा, छापील पट्टीवर सही करण्याआधी ती वाचावी आणि यंत्राची नळी नवी आहे ना हे नम्रपणे विचारावे. हुज्जत घालणे, ओळखीची नावे सांगणे किंवा खिशात हात घालणे यांतले काहीही करू नये. शासकीय कामात अडथळा आणल्याचा किंवा लाच देऊ केल्याचा वेगळा गुन्हा त्यातून उभा राहतो, आणि तो मूळ गुन्ह्यापेक्षा जड असू शकतो.

प्रश्न : मी कफावरचे औषध आणि कधी कधी होमिओपॅथीचे थेंब घेतो. त्यांमुळे यंत्र मला दोषी दाखवेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, सांगली

काही पातळ औषधांत आणि माउथवॉशमध्ये मद्यार्क असतो. त्याचा अंश तोंडात असताना लगेच फुंकल्यास यंत्र तो दाखवू शकते. हा अंश साधारण पंधरा मिनिटांत निघून जातो, म्हणून औषध घेतल्याचे तिथेच सांगावे, पाण्याने चूळ भरू देण्याची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी. कायद्यात एकाहून अधिक नमुन्यांची तरतूद आहे. तरीही शंका राहिली तर रक्ततपासणीचा आग्रह धरावा. औषधाची बाटली जवळ असावी. झोप आणणारी औषधे घेऊन गाडी चालवणे हा याहून गंभीर विषय आहे आणि त्याविषयी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

प्रश्न : रात्रीची झोप झाली की सकाळी गाडी चालवायला हरकत नसते ना? आमच्याकडे लिंबूपाणी, कडक कॉफी आणि थंड पाण्याने अंघोळ हा हमखास उपाय मानतात.
— एक वाचक, कोल्हापूर

पोटात गेलेल्या मद्यार्कापैकी बहुतांश यकृतच निकामी करते आणि ते आपल्या ठरलेल्या गतीनेच काम करते. रक्तातील प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते, काहींच्या बाबतीत त्याहूनही हळू. कॉफीने माणूस जागा होतो, अंघोळीने त्याला तरतरी येते, लिंबूपाण्याने तोंडाला चव येते, पण या गतीवर यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. उलट आपण ताजेतवाने झालो असा समज करून माणूस गाडीची किल्ली उचलतो, म्हणून मला हे उपाय धोक्याचे वाटतात.

समजा, ६५ किलो वजनाच्या एका गृहस्थाने रात्री दहाला सुरुवात करून चार मोठे पेग घेतले. त्या सगळ्या मद्यार्काचा एकत्रित हिशेब १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅम होतो. सकाळी सातपर्यंत नऊ तासांत त्यातले १३५ उतरले, तरी ४५ उरतात, म्हणजे मर्यादेच्या दीडपट. हे गृहस्थ मुलाला शाळेत सोडायला निघाले, तर कायद्याच्या दृष्टीने ते मद्यपान करून गाडी चालवत आहेत. लग्नाच्या हळदीची किंवा सहलीतली रात्र संपवून पहाटे घाटरस्त्याने निघणाऱ्यांनी हा हिशेब विशेष लक्षात घ्यावा, कारण त्यात अपुऱ्या झोपेची भर पडलेली असते. भरपूर प्यायले असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाहनाला हात लावू नये आणि परतीचा प्रवास त्यानुसार आखावा.

प्रश्न : अपघात झालाच तर विमा कंपनी भरपाई देते की नाही?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळेल असे समजू नका. चालक मद्याच्या अमलाखाली असल्यास स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून न देण्याची अट पॉलिसीत असते. श्वासचाचणी किंवा रक्तचाचणी झाली नव्हती एवढ्यावरून कंपनीचा हा बचाव कोलमडत नाही, इतर पुराव्यांवरूनही चालक नशेत होता हे सिद्ध होऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे. जखमी झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या त्रयस्थ व्यक्तीचा प्रश्न वेगळा आहे. तिला भरपाई मिळावी म्हणून न्यायालये अनेकदा विमा कंपनीला आधी रक्कम द्यायला लावतात आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. ही रक्कम लाखांत असू शकते आणि ती फेडताना घर, जमीन, मुलांच्या शिक्षणाची शिल्लक, सारे पणाला लागते.

फौजदारी जबाबदारी याहून भारी आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र चालकाला आपल्या कृत्याने कोणाचा जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असे न्यायालयाला वाटले, तर गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरतो. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली आणि सात जणांचा जीव गेला. त्या प्रकरणात मद्य घेऊन गाडी चालवणाऱ्या तरुणाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरणारा निकाल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. दिवसभर राबून रात्री रस्त्याकडेला झोपलेल्या त्या माणसांचा दोष काय होता, हा प्रश्न मला तो निकाल वाचताना प्रत्येक वेळी पडतो.

प्रश्न : आमच्या घरी मित्रमंडळींचे जेवण असते. एक मित्र दर वेळी पिऊन गाडी चालवायचा हट्ट धरतो. त्याला अडवले तर त्याचा अपमान होतो. अशा वेळी यजमानाने काय करावे, आणि आमच्यावर काही कायदेशीर जबाबदारी येते का?
— एक दांपत्य, ठाणे

जबाबदारी येऊ शकते. कलम १८५ च्या गुन्ह्याला प्रोत्साहन किंवा साहाय्य देणाऱ्यालाही त्याच शिक्षेची तरतूद कलम १८८ मध्ये आहे. एखाद्याला नशेत असल्याचे पाहूनही आपली गाडी वापरायला देणे किंवा ‘जा रे, काही होत नाही’ म्हणून त्याला गाडीत बसवणे या कलमाच्या कक्षेत येऊ शकते. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या त्याच्या घरच्यांना फोन करण्याची वेळ आपल्यावर येऊ नये एवढ्यासाठीच त्याला अडवायला हवे.

प्यालेल्या माणसाशी चारचौघांत वाद घालून त्याचे मन वळत नाही. खरी तयारी निमंत्रण देतानाच करायची असते. ‘येताना गाडी आणू नकोस, परतीची सोय मी करतो’ असे एक वाक्य फोनवर सांगावे. गाडी आणलीच, तर आल्या आल्या किल्ल्या एका ठिकाणी ठेवून घ्याव्यात. सुरुवातीलाच सगळ्यांच्या किल्ल्या घेतल्या तर त्यात कोणाचाच अपमान होत नाही. जेवण वेळेवर वाढावे, निघण्याच्या तासभर आधी ग्लास उचलून घ्यावेत, आणि कोणाला आग्रह तर अजिबात करू नये. गाडीने परतायचेच असेल, तर त्या रात्री थेंबही न घेणारी एक व्यक्ती आधी नेमावी. सगळ्यांत कमी प्यायलेला माणूस चालक म्हणून चालत नाही. तासावर मिळणारा बदली ड्रायव्हर, ॲपवरून मागवलेली टॅक्सी, रिक्षा किंवा दिवाणखान्यातली एक गादी, यांतले काहीही न्यायालयातील एका तारखेच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते.

मित्र तरीही ऐकत नसेल तर तो ज्याचे ऐकतो अशा एकाच माणसाने त्याला बाजूला घेऊन शांतपणे बोलावे, आणि किल्ली देऊ नये. त्याच्याबरोबर गाडीत बसू नये, त्याच्या दुचाकीवर मागेही बसू नये. तो निघूनच गेला तर ११२ वर कळवावे. मैत्री तुटेल या भीतीने अनेक जण हा फोन करत नाहीत, पण तुटलेली मैत्री पुन्हा जोडता येते. टॅक्सीने पाठवतानाही भान सुटलेल्या व्यक्तीला एकटे बसवू नये. सोबत कोणीतरी जावे आणि ती घरात पोहोचली याची खात्री करावी. महामार्गाच्या कडेने पायी जाऊ देणे हाही पर्याय नाही, कारण झोकांड्या खाणारा पादचारी भरधाव वाहनांपुढे सहज येतो. कोणी इतके प्यायले असेल की हाका मारूनही नीट जागे होत नाही, तर त्याला कुशीवर वळवून ठेवावे, तोंडात काहीही घालू नये आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : जास्त झाली म्हणून गाडी न चालवता तिच्यातच झोपलो, तर गुन्हा होतो का?
— एक वाचक, नागपूर

कलम १८५ वाहन चालवणाऱ्याला आणि चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला लागू होते. मागच्या आसनावर, इंजिन बंद ठेवून झोपलेली व्यक्ती यांपैकी काहीच करत नसते. पण स्टिअरिंगपुढे, इंजिन आणि एसी सुरू ठेवून बसले असता ‘मी निघालो नव्हतो’ हे पटवून देणे अवघड जाते. त्याहूनही मोठे कारण जिवाचे आहे. बंद गॅरेजमध्ये किंवा कोंदट जागी इंजिन सुरू ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या वायूने झोपेतच मृत्यू येऊ शकतो. शिवाय दोन तासांच्या डुलकीनंतर ‘आता उतरली’ असे वाटून माणूस गाडी सुरू करतो. गाडी कुलूप लावून तिथेच ठेवावी आणि दुसऱ्या वाहनाने घर गाठावे.

प्रश्न : माझे पती आठवड्यातून तीन-चार दिवस पिऊन मोटारसायकलने घरी येतात. रविवारी त्याच अवस्थेत सहा वर्षांच्या मुलीला पुढे बसवून फेरी मारायला नेतात. काही बोलले की भांडण होते. मी काय करू?
— एक भगिनी, सोलापूर जिल्हा

ताई, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. सर्वांत आधी मुलीचे पाहू, कारण इथे थांबायला वेळ नाही. ते प्यायलेले असताना मुलगी गाडीवर बसणार नाही, हा नियम त्यांच्याशी वाद घालून मनवायचा नसतो. आपण तो आपल्या बाजूने पाळायचा असतो. ज्या वेळी ते नेतात त्या वेळी तिला आजोळी, शेजारी किंवा एखाद्या वर्गाला पाठवण्याची व्यवस्था करावी. सासू-सासरे किंवा दीर यांच्यापैकी ज्यांचे ते ऐकतात त्यांना ही एकच गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी. मुलीला गाडीवर घेऊन ते नशेत निघालेच, तर ११२ वर फोन करण्यात संकोच करू नये. आपण नवऱ्याविरुद्ध काही करत आहोत असे मनात आणू नका, आपण दोघांचाही जीव वाचवत आहात.

बोलायचे असेल तेव्हा सकाळी, ते शुद्धीत असताना बोलावे, आणि पिण्याविषयी न बोलता आधी गाडीविषयी बोलावे. ‘पिऊन आलात तरी चालेल, पण गाडी तिथेच ठेवून रिक्षाने या’ हे ऐकायला विचित्र वाटेल, पण या घडीला दारू सोडवण्याआधी त्यांना रस्त्यावरून जिवंत घरी आणणे महत्त्वाचे आहे. रिक्षाचे पैसे घरखर्चात धरावेत. कलम १९ प्रमाणे सराईत मद्यपीचा परवाना प्राधिकारी रद्द करू शकतात. तशी लेखी तक्रार आरटीओकडे करण्याचा मार्ग आपल्याला खुला आहे, परंतु परवाना गेला तरी किल्ली घरातच राहते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

आठवड्यातून तीन-चार दिवस पिणे आणि त्या अवस्थेत लेकरालाही गाडीवर घेणे, हे आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे घरच्या माणसांनाही सल्ला मिळतो, म्हणजे पती तयार नसले तरी आपण एकट्या फोन करू शकता. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाऊनही चौकशी करावी. भांडणाला मारहाणीचे वळण लागत असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर कळवावे. आपल्या जिल्ह्यात विनामूल्य वकील मिळवण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्जाचा मसुदा हवा असल्यास या सदराच्या पत्त्यावर लिहावे, तो मी स्वतः तयार करून पाठवीन.